रोलप्लेइंग खेळासाठी आधीच रंगवलेली स्वस्त मिनिएचर्स घ्यावीत का?

शनिवारची_मोहीम (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही सहा जण गेली दोन वर्षे दर शनिवारी संध्याकाळी माझ्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती खेळतो आणि डंजन मास्टरची, म्हणजे कथा सांगून शत्रूंची बाजू चालवणाऱ्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. आजवर लढाईच्या वेळी कॅरमच्या सोंगट्या, बाटल्यांची झाकणे आणि शर्टाची बटणे यांवर आमचे भागत आले. परंतु गेल्या महिन्यात एका पडक्या मंदिरात चौदा कोबोल्ड (बुटके सरडेमानव), दोन ओगर (दांडगे राक्षस) आणि आमची पाच पात्रे एकाच वेळी पटावर आली, तेव्हा कोणते बटण म्हणजे कोण हे दर फेरीला विचारावे लागले. एका खेळाडूने शत्रूंचा घोळका समजून जिथे फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकला, तिथे आमचीच दोन पात्रे उभी होती. त्याला त्याचे मनापासून वाईट वाटले, आणि ही चूक त्याची नसून माझ्या मांडणीची आहे असे मला तेव्हापासून वाटत आहे.

न रंगवलेली मिनिएचर्स, म्हणजे पटावर ठेवायच्या छोट्या मूर्ती, आणून स्वतः रंगवण्याचा प्रयत्न मी केला. दोन मूर्तींना सहा संध्याकाळी लागल्या, आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फवारलेला प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) रवाळ बसला, त्यामुळे चेहऱ्यांचे बारकावे बुजून गेले. नोकरी सांभाळून चाळीस मूर्ती रंगवणे मला जमणार नाही. आधीच रंगवलेल्या मूर्तींच्या बंद पेट्या मिळतात, पण आत काय निघेल ते कळत नाही. शिवाय खेळण्यांवरील सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले असल्याने परदेशी माल इथे स्वस्त उरलेला नाही. माझ्यापाशी सुमारे पाच हजार रुपये आहेत. ते कशावर खर्च करावेत, आणि मूर्ती वर्णनाशी तंतोतंत जुळत नसेल तर खेळाची गोडी कमी होते का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जर्सीतला_फासा (न्यू जर्सी) यांचे उत्तर

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. पटावरची मूर्ती दोन गोष्टी सांगते: कोण कुठे उभे आहे, आणि हा त्या दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे. फायरबॉलची त्रिज्या वीस फूट, म्हणजे पाच फुटांच्या चौकोनांत मोजल्यास प्रत्येक बाजूला चार चौकोन. त्या वर्तुळात कोण सापडतो हे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या खेळाडूला न विचारता दिसले, की मूर्तीने आपले काम केले. कोबोल्डच्या हातात भाल्याऐवजी गोफण असली तरी त्याने काही बिघडत नाही.

मी ही मिनिएचर्स २००३ पासून जमवत आहे. विझकिड्स या कंपनीने २००० मध्ये ‘मेज नाइट’ हा खेळ आधीच रंगवलेल्या प्लॅस्टिक मूर्तींसह आणला आणि त्यानंतर तीन वर्षांनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशक कंपनीने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मूर्तींची स्वतःची मालिका सुरू केली. तिच्या एका बंद पेटीत आठ मूर्ती असत. त्यांतली एक दुर्मीळ, काही मध्यम आणि बाकीच्या सर्रास मिळणाऱ्या, ज्यांना आम्ही ‘कॉमन’ म्हणतो. संग्राहक दुर्मीळ मूर्तीसाठी पेट्यांवर पेट्या फोडत आणि गॉब्लिन, सांगाडे, लांडगे, ऑर्क यांचे ढीग त्यांच्याकडे पडून राहत. संग्राहकाला जे नको असते तेच डंजन मास्टरला डझनाने हवे असते, आणि आपल्यासारख्यांची सोय नेमकी इथे होते. एकच ड्रॅगन वर्षातून एकदा पटावर येतो. सहा सांगाडे दर महिन्याला येतात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की बंद पेटी घेऊ नये. हल्लीच्या पेटीत चारच मूर्ती निघतात आणि त्यांतील तीन आपल्याला कधीच लागल्या नाहीत, तर पैसे वाया जातात. सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या जुन्या ‘कॉमन’ मूर्ती घ्याव्यात, आणि शक्य असेल तर इकडून येणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या सामानातून मागवाव्यात. निवडताना चेहऱ्याआधी बैठकीचा, म्हणजे मूर्तीच्या पायाखालच्या चकतीचा, आकार पाहावा. माणसाएवढ्या प्राण्याला एक इंची, म्हणजे पटावरच्या एका चौकोनाएवढी, बैठक लागते, ओगरसारख्या मोठ्या प्राण्याला दोन इंची आणि त्याहून मोठ्याला तीन इंची. बैठक चुकली तर चौकोन चुकतो, आणि चौकोन चुकला तर पुन्हा तोच वाद उभा राहतो.

या मूर्ती मऊ प्लॅस्टिकच्या असल्याने तलवारी आणि भाले वाकलेले येतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये. उकळी काढून उतरवलेल्या पाण्यात मूर्ती अर्धा मिनिट बुडवावी, वाकलेला भाग बोटांनी सरळ करून तसाच धरावा आणि लगेच गार पाण्यात घालावा. तो त्याच स्थितीत घट्ट होतो. रंगकाम कारखान्यातले असल्याने सपाट आणि चकचकीत दिसते, पण त्यावरही उपाय आहे. तपकिरी अॅक्रिलिक रंग पाण्याने चहाइतका पातळ करून अंगभर एक हात द्यावा. तो कपड्यांच्या चुण्यांत आणि चिलखताच्या खाचांत साचतो, उंच भागांवरचा ओल्या कापडाने टिपून घ्यावा. वाळल्यावर मॅट वार्निशचा हात दिला की चकाकी जाते. एका संध्याकाळी वीस मूर्ती सहज होतात, आणि टेबलावर हातभर अंतरावरून त्या खरोखर देखण्या दिसतात. वार्निश फवाऱ्याचे असेल तर मात्र पावसाळा संपण्याची वाट पाहावी, कारण दमट हवेत त्यावर पांढुरका थर चढतो.

एकसारखे सहा सांगाडे असतील तर बैठकीच्या कडेवर एक ते सहा आकडे घालावेत. ‘चौथ्या सांगाड्यावर वार करतो’ असे खेळाडू म्हणू लागले, की कुणाला किती इजा झाली याची नोंद ठेवणे सोपे होते.

कागद_पेन्सिल (नाशिक) यांचे उत्तर

मी थोडे वेगळे मत मांडतो. पटावर मूर्ती आली की खेळाडूंचे डोळे तिच्यावर खिळतात आणि मी शब्दांनी उभा केलेला राक्षस त्या इंचभर प्लॅस्टिकएवढा होतो, असा माझा अनुभव आहे. पाचव्या आवृत्तीत चौकोनांचा पट ऐच्छिक आहे आणि आमचा गट बहुतेक लढाया केवळ वर्णनावर लढतो. आपल्याकडे पाच हजार रुपये असतील तर त्यातले चार हजार वाचवता येतील असे मला वाटते. जाड कागदावर चित्रे छापून, मधोमध दुमडून, खाली दुहेरी पुठ्ठा लावला की उभी राहणारी सोंगटी तयार होते. पेझो कंपनी ‘पाथफाइंडर’ खेळासाठी अशाच पुठ्ठ्याच्या सोंगट्या विकत आली आहे, आणि एका डब्यात दोनशे-तीनशे प्राणी मावतात. स्वस्त मूर्तीपेक्षा कागदाचे चित्र वर्णनाशी अधिक जुळते, हा तिचा मोठा गुण आहे.

किल्ले_बांधणी (ठाणे) यांचे उत्तर

कागद_पेन्सिल यांचा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचे मूळ मूर्तीत आहे असे मला वाटत नाही. १९७४ च्या मूळ नियमपुस्तिकेतही मूर्ती आवश्यक नसल्याचे सांगितले होते. पुठ्ठ्याचे तुकडे चालतील, मात्र रंगवलेल्या मूर्तींसारखी शोभा त्यांना येत नाही, असा तिचा आशय होता. हा खेळ ज्यांनी रचला त्यांपैकी गॅरी गायगॅक्स यांनी त्या काळात हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लॅस्टिकच्या विचित्र प्राण्यांची स्वस्त पिशवी विकत घेतली होती. धड डायनासोर नाहीत, धड दुसरे काही नाहीत अशा त्या खेळण्यांना पटावर जागा देताना रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर हे राक्षस जन्माला आले. तिथे आधी खेळणे आले आणि वर्णन त्यामागून आले. त्यामुळे स्वस्त मूर्ती कल्पनेला बांधून ठेवते असे सरसकट म्हणता येणार नाही.

आपण तर हे लहानपणापासून करत आलो आहोत. दिवाळीत मातीचा किल्ला रचून, त्यावर आळीव पेरून आम्ही कुंभाराकडून आणलेली रंगीत चित्रे मांडत असू. बुरुजावरचा मावळा बुरुजाएवढाच असे, गवळण तोफेहून उंच असे, पायथ्याच्या तळ्यातले बदक होडीपेक्षा मोठे असे, आणि तरीही किल्ला आमच्यासाठी पुरता खरा होता. गेल्या दोन वर्षांपासून मी हीच चित्रे आमच्या मोहिमेत वापरत आहे. मला मिळालेले सर्वांत लहान मावळे दोन इंचांचे आहेत. नेहमीची मिनिएचर्स साधारण २८ मिलिमीटरच्या मापाची असतात, तेव्हा शेजारी ठेवल्यावर मावळा दुपटीहून थोडासाच कमी भरतो. म्हणून मी त्यांना माणूस न मानता दरवाजावरचे पाषाणरक्षक मानतो. त्यांच्याखाली दोन इंची पुठ्ठा चिकटवला की चौकोनही बरोबर बसतात. महाराजांची मूर्ती मात्र मी पटावर आणत नाही. ती किल्ल्यावर सिंहासनावरच राहते. माती टिचते, तेव्हा ही चित्रे कापडात गुंडाळून ठेवावीत.

वाघ, मगर, कोळी, साप यांच्यासाठी स्टेशनरीच्या दुकानातली प्लॅस्टिकच्या प्राण्यांची पिशवी पुरेशी आहे. मोठ्या राक्षसांवर पैसे घालवण्याआधी ती एकदा जरूर उघडून पाहावी. जर्सीतला_फासा यांनी सांगितलेला तपकिरी हात या प्राण्यांवरही सुंदर बसतो.

शनिवारची_मोहीम (पुणे)

आपणा तिघांचेही मनापासून आभार. बंद पेट्या घेण्याचा विचार मी सोडून दिला आहे. माझी मावसबहीण डिसेंबरमध्ये अमेरिकेहून येत आहे. तिच्याकडून आठ कोबोल्ड, सहा सांगाडे, चार लांडगे आणि दोन ओगर, अशा वीस सुट्ट्या ‘कॉमन’ मूर्ती मागवीन. आमच्या पाच पात्रांसाठी मात्र प्रत्येकाने आपली मूर्ती स्वतः निवडावी असे ठरले आहे, कारण शत्रू साधारण जुळला तरी चालतो, पण आपले पात्र आपल्यासारखे दिसावे असे सर्वांनाच वाटते. क्वचित भेटणाऱ्या राक्षसांसाठी कागदी सोंगट्या करीन.

काल प्लॅस्टिकच्या प्राण्यांची पिशवी आणून एका मगरीवर तपकिरी हात देऊन पाहिला. पाठीवरचे खवले आता दिव्याखाली वेगवेगळे दिसतात. एकच शंका आहे: तिच्या शेपटीवर रंग थेंबाथेंबाने ओघळून सुटला आणि नीट पसरला नाही. यावर काय करावे?

जर्सीतला_फासा (न्यू जर्सी)

नव्या प्लॅस्टिकवर साच्याचा तेलकटपणा राहिलेला असतो, म्हणून रंग सुटतो. भांडी घासायच्या पातळ साबणाने आणि जुन्या टूथब्रशने मगर धुऊन, पूर्ण वाळू देऊन, मग दुसरा हात द्यावा. रंगातच त्या साबणाचा एक थेंब मिसळला तरी तो चांगला पसरतो. मागवलेल्या वीस मूर्तीही रंगाआधी अशाच धुऊन घ्याव्यात.