पर्वरीसारख्या पोलीस ठाण्यातली नोकरी आरामाची नाही

गोव्यात पणजीजवळच्या पर्वरीसारख्या उपनगरातल्या पोलीस ठाण्यात बदली म्हणजे आराम, खरी धावपळ पणजी-कळंगुटला, असं काही जण म्हणतात. हे मला पटत नाही. माझे बाबा वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून शिपाई म्हणून बाहेर पडले आणि सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाले, त्यातली बरीच वर्षं पर्वरीत. विधानसभा तिथेच, त्यामुळे अधिवेशन लागलं की रजा बंद. हमरस्ता गावातूनच जातो, म्हणजे रात्री-अपरात्री अपघाताचा पंचनामा. दिवाळीत नरकासुराचे पुतळे जाळतात त्या रात्री तर ते उजाडल्यावरच घरी यायचे, आम्ही फोवांचं (पोह्यांचं) ताट झाकून ठेवायचो.

ठाण्यातल्या लिखापढीबद्दल तर कुणीच बोलत नाही. माणूस रडत रडत कोंकणीत सांगणार, बाहेरून आलेला भाडेकरू हिंदीत, आणि जबाब लिहायचा इंग्रजीत. बाबा मराठी शाळेत शिकलेले. घरी जुन्या वहीच्या मागच्या पानांवर इंग्रजी वाक्यं पुन्हा पुन्हा गिरवायचे, कारण एक शब्द चुकला तर कोर्टात केस ढिली पडते, हे त्यांनी पाहिलं होतं. आयपीएस अधिकारी अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेशांच्या सामायिक केडरचे (सेवागटाचे), ते दिल्ली-अरुणाचलला बदलून जातात. शिपाई-हवालदार मात्र गोव्यातच राहतो, आणि लोक वर्षानुवर्षं त्यालाच ओळखतात. आजही बाजारात बाबांना थांबवून लोक सल्ला विचारतात.