पहिल्याच लढाईत ९वी मॅसॅच्युसेट्स बॅटरी टिकली कशी?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेच्या यादवी युद्धातील तोफखान्याविषयी वाचत असताना ९व्या मॅसॅच्युसेट्स बॅटरीच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूने लढलेल्या तोफांच्या एका तुकडीच्या, इतिहासापाशी मी थांबलो आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये सैन्यात दाखल झालेली ही स्वयंसेवकांची तुकडी पुढचे कित्येक महिने राजधानी वॉशिंग्टनच्या बचावासाठी बांधलेल्या तटबंदीतच राहिली आणि २ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे तिने पहिली लढाई पाहिली. त्या एका दुपारी तिच्या सहापैकी चार तोफा शत्रूच्या हाती गेल्या आणि ८८ पैकी ८० घोडे मारले गेले किंवा निकामी झाले. तरीही, सांगितले होते तितका वेळ तिने जागा धरून ठेवली. लढाईचा अनुभव नसलेल्या माणसांना हे कसे साधले? की युद्धानंतर उभारलेल्या स्मारकांनी ही कामगिरी वाढवून सांगितली आहे?

प्रतिसाद १

आपला प्रश्न योग्य आहे, पण ‘अनुभव नसलेली’ आणि ‘तयारी नसलेली’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पायदळातल्या नवख्या सैनिकाला शेजाऱ्याकडे पाहून निभावून नेता येते. तोफेवर मात्र प्रत्येकाचे काम ठरलेले असते आणि एकाने वेळ चुकवली तर तोफ गप्प होते. त्यामुळे तोफखान्यात कवायतीचे मोल फार मोठे असते, आणि ती करायला या बॅटरीला भरपूर अवधी मिळाला. पहिले कॅप्टन द वेक्की पायउतार झाल्यावर १८६३ च्या आरंभी जॉन बिगेलो यांच्याकडे सूत्रे आली. हार्वर्डमध्ये शिकलेल्या आणि आदल्या वर्षी मॅल्व्हर्न हिलच्या लढाईत जखमी झालेल्या या तरुण अधिकाऱ्याने ढिली पडलेली शिस्त कडक केली. त्याबद्दल सैनिकांची आधी नाराजी होती, पण माझ्या मते गेटिसबर्गचे उत्तर त्याच महिन्यांत दडलेले आहे.

आता प्रत्यक्ष त्या दुपारचे. उत्तरेचे जनरल सिकल्स यांनी आपले दल पुढे नेल्यामुळे पीच ऑर्चर्ड या बागेजवळची फळी उघडी पडली होती आणि ती कोसळल्यावर बिगेलो यांच्या तोफांजवळ आधाराला पायदळ उरले नाही. तोफा घोड्यांच्या गाड्यांना नेहमीसारख्या जोडून निघावे तर तेवढ्या वेळात शत्रू अंगावर आला असता. म्हणून त्यांनी तोफेचे शेपूट लांब दोराने घोड्यांच्या पुढच्या गाडीला बांधले आणि डागत डागत, तोफेच्या धक्क्याचाही उपयोग करून घेत, ट्रॉस्टल यांच्या शेतापर्यंत माघार घेतली. शेताच्या कोपऱ्यात दगडी कुंपणाने वाट अडवली होती. तेथे त्यांना लेफ्टनंट कर्नल फ्रीमन मॅकगिल्व्हरी यांचा हुकूम मिळाला की, मागे प्लम रन ओढ्याजवळ तोफांची नवी फळी उभी राहीपर्यंत कोणत्याही परिस्थितीत जागा सोडू नये. यानंतरचे काम कॅनिस्टरचे होते, म्हणजे लोखंडी गोळ्यांनी भरलेले डबे अगदी जवळून डागण्याचे. दक्षिणेच्या २१व्या मिसिसिपी पलटणीचे सैनिक तोफांवर चढून आले, तेव्हाच बिगेलो यांनी मागे फिरण्याची परवानगी दिली.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र एक बाजू राहून गेली. बॅटरी स्वयंसेवकांची असली तरी ती एकटी नव्हती. उत्तरेच्या सेनेचे तोफखानाप्रमुख हेन्री हंट यांनी राखीव तोफखाना एकत्र ठेवण्याचा आग्रह धरला होता, आणि ही बॅटरी त्यातल्या मॅकगिल्व्हरी यांच्या ब्रिगेडमध्ये होती. मॅकगिल्व्हरी हेही स्वयंसेवकच. युद्धापूर्वी ते जहाजाचे कप्तान होते. बिगेलो यांनी मिळवून दिलेला वेळ वापरणारा अधिकारी मागे नसता, तर तो सारा त्याग वाया गेला असता.

स्मारकांनी अतिशयोक्ती केली का, यासाठी एक ताळा पाहावा. त्याच मिसिसिपी पलटणीने लगेच पुढे जाऊन ५व्या अमेरिकी तोफखान्याची ‘आय’ बॅटरीही काबीज केली, आणि ती तर नियमित सैन्याची होती. तेव्हा तोफा गमावणे हे नवखेपणाचे लक्षण मानता येत नाही. आधाराला पायदळ नसलेल्या कोणत्याही बॅटरीची गत अशीच होते.

घोड्यांच्या आकड्याकडेही नीट पाहायला हवे. तोफेच्या गाडीला सहसा सहा घोडे असत आणि ते पडले की तोफ जागीच अडके, म्हणून हल्लेखोर आधी घोड्यांवर नेम धरत. गोळ्यांच्या वर्षावात घोडे धरून स्वस्थ उभे राहणाऱ्या गाडीवानांना उलट वार करण्याचेही साधन नसे. या माणसांचा उल्लेख इतिहासात फार थोडा येतो, आणि मला ते खटकते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. नियमित बॅटरीचा दाखला मला ठाऊक नव्हता. गमावलेल्या तोफांचे आणि खुद्द बिगेलो यांचे पुढे काय झाले?

प्रतिसाद १

चारही तोफा त्याच संध्याकाळी उत्तरेच्या सैन्याने परत मिळवल्या. बिगेलो जखमी होऊन घोड्यावरून पडले होते आणि आपल्याला सोडून जाण्याचा त्यांचा हुकूम होता, पण बिगुलवादक चार्ल्स रीड याने तो मानला नाही. त्याने त्यांना घोड्यावर बसवले आणि दोन्ही फळ्यांच्या मधून, मागच्या तोफा गोळे टाकत असतानाच, पायी चालीने परत आणले. या कामगिरीसाठी रीडला १८९५ मध्ये ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. वाचलेल्या दोन तोफा घेऊन लेफ्टनंट रिचर्ड मिल्टन दुसऱ्या दिवशी झिग्लर्स ग्रोव्ह या झाडीजवळ पुन्हा फळीत उभे राहिले. पुढे माणसे आणि घोडे भरून काढल्यावर बॅटरी १८६४ च्या व्हर्जिनियातील मोहिमेत आणि पीटर्सबर्गच्या वेढ्यात लढली, आणि जून १८६५ मध्ये तिला सेवेतून मुक्त करण्यात आले.