17 महिने सोबर आहे. स्पॉन्सर व्हावं का?

कळवेकर:
एएमध्ये, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये, येऊन मला 17 महिने झाले. तेव्हापासून थेंब नाही. काल ठाण्यातल्या मीटिंगनंतर चोवीस-पंचविशीतला एक मुलगा चहाला थांबला. रबाळे एमआयडीसीत शिफ्टला असतो, एकटा राहतो. सोडून चौथा दिवस. कटिंगचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, तरी चहा बोटांवर सांडत होता. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "दादा, माझे स्पॉन्सर व्हाल?"

माहीत नसलेल्यांसाठी: हा स्पॉन्सर पैसे देणारा नव्हे. आपल्याआधी ह्या वाटेने गेलेला, बारा स्टेप्स सोबत बसून करून घेणारा, तलफ आली की ज्याला आधी फोन करायचा असा माणूस. मला हो म्हणायचंय. घरच्यांच्या, साहेबांच्या, डॉक्टरांच्या सांगण्याने मी कधी हललो नाही. एका जुन्या दारुड्याने "माझंही असंच होतं" म्हटलं, त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोललो. ग्रुपमधले काही जण मात्र थांब म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

वाशीची गृहिणी:
होऊ नका. माझे मिस्टर आठ महिने सोबर असताना स्पॉन्सर झाले. नेरुळचा एक जण रात्री दीड-दोनला फोन करायचा, हे स्कूटर काढून निघायचे. तिसऱ्या खेपेला त्याला बाहेर काढायला बारमध्ये शिरले आणि पहाटे दोघंही पिऊन आले. मुलाचा त्या दिवशी दहावीचा बीजगणिताचा पेपर होता. त्याने बूट घालता घालता दार उघडलं, बापाकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. तुमचे 17 महिने तुमच्या एकट्याचे नाहीत. घरात विचारलंत का?

अकरा वर्षं:
वहिनी, तुमचं दुःख समजतं. पण त्यावरून स्पॉन्सर होणंच चुकीचं असं नाही. चूक एकट्याने बारमध्ये जाण्याची होती. असं बोलावणं आलं तर दोघांनी जायचं, हे जुने लोक सांगतात ते उगाच नाही.

आणि एएची सुरुवात आठवा. मे 1935. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, पुढे एए सुरू करणाऱ्या बिल विल्सनचा धंद्यातला डाव फसला होता. हॉटेलच्या लॉबीत उभा, बाजूला बार. त्याला सोडून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते. आपण पिऊ नये म्हणून त्याने बोलायला दुसरा दारुडा शोधला. ते डॉक्टर बॉब. पंधरा मिनिटं म्हणून बसले आणि तासन् तास बोलत राहिले. त्याआधीच्या पाच महिन्यांत बिलच्या प्रयत्नांनी कोणीही सुधारलं नव्हतं, पण तो स्वतः कोरडा राहिला होता. नव्या माणसाला धरून ठेवताना आपणच धरले जातो. हो म्हण, भावा.

घणसोली:
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या भेटीनंतर डॉक्टर बॉब पुन्हा प्यायले. त्यांचा शेवटचा पेला 10 जूनचा, एएचा स्थापना दिवस तोच धरतात. आणि तेव्हा बिलपुढे दुसरा पर्याय नव्हता. ठाण्यात, नवी मुंबईत आज जुनी माणसं आहेत.

कळवेकर, तुमची चौथी स्टेप झाली का? स्वतःचा सगळा हिशेब लिहून काढायचा, पाचवीत तो दुसऱ्यापुढे वाचायचा. उद्या तो मुलगा त्याची वही तुमच्यासमोर उघडेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नर्स, कोपरी:
स्पॉन्सरचं नंतर ठरवा. चौथ्या दिवशी इतके हात थरथरताहेत, त्याला आजच डॉक्टरकडे न्या. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम, ताप, नसलेली माणसं दिसणं. त्यात जीव जातो. वॉर्डात मी पाहिलंय. "मनावर घे" म्हणून हे थांबत नाही. कोणीच नसेल तर 14446 ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

अकरा वर्षं:
हे मी आधी लिहायला हवं होतं. बरोबर आहे.

कळवेकर:
तुमचं वाचून लगेच फोन केला. रात्रभर झोपला नव्हता, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाला. सरकारी रुग्णालयात घेऊन आलोय, दाखल करून घेतलं. आता सलाईन चालू आहे, हातावर हात ठेवून बसलोय.

चौथी स्टेप माझी अर्धीच आहे. तीन पानं लिहून वही कपाटात ठेवलीय, वडिलांपाशी येऊन अडलो. घरीही विचारलं नव्हतं. मघाशी फोनवर सांगितलं तर बायको म्हणाली, "दोघांचा डबा पाठवते." ह्याला तिचा होकार समजत नाही, नीट बसून विचारेन.

अकरा वर्षं, तुम्ही शनिवारी मीटिंगला असता का? तो बरा झाला की त्याला तुमच्याकडे आणतो. माझी वहीही आणतो.

वाशीची गृहिणी:
रात्री तिथे थांबणार असाल तर एकटे थांबू नका. माझे मिस्टर निघालेत. वॉर्ड नंबर कळवा.