मदत हवी आहे: भारतीय सायटेशन डेटाबेस आपलं काम करतो का, हे तपासायचं कसं?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, लायब्ररी सायन्स करते. प्रबंधाला इंडियन सायटेशन इंडेक्स घेतलाय, म्हणजे भारतीय नियतकालिकांतल्या कुठल्या लेखाने कुणाचा संदर्भ (सायटेशन) दिला याची नोंद ठेवणारा डेटाबेस. सिनॉप्सिस मंजूर झाला, पण पद्धतीपाशी गाडी अडलीय. गाईड म्हणतात, विषयवार नियतकालिकं मोज, तक्ते कर, झालं. त्यातून डेटाबेस केवढा आहे ते कळेल. ज्यासाठी काढला ते होतंय का, ते कसं कळणार?

हेतू तरी सगळीकडे एक कुठे आहेत? ब्राझीलमध्ये १९९७ साली सायेलो हा नियतकालिकांचा डेटाबेस सुरू झाला ते मुख्यतः तिथली नियतकालिकं जगाला दिसावीत म्हणून. लेख सगळ्यांना फुकट खुले. रशियाने २००५ मध्ये स्वतःचा इंडेक्स काढला तो शास्त्रज्ञांचं नि संस्थांचं मोजमाप करायला. मोजमाप आलं की आकडे फुगवणारे आलेच. २०१७ मध्ये तिथे तीनशेहून जास्त नियतकालिकं काढून टाकावी लागली. आपला इंडेक्स २००४ पासूनची भारतीय नियतकालिकं घेतो आणि दोन्ही कामं अंगावर घेतो: शोधून देणं आणि मोजणं.

मी गोव्याशी संबंधित लेखच घ्यायचं म्हणते: खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली), काजू, मासळी, खाणीची माती. पण आडनावांनीच जीव खाल्लाय. डिसोझा इंग्रजीत कधी अपॉस्ट्रॉफी घालून, कधी जोडून, कधी 'डी' सुटा, कधी झेडऐवजी एस. लेखकानेच संदर्भसूचीत 'डी' गाळला की सायटेशन भलत्याच सोझाच्या खात्यावर. कुंकळ्येकरांचं स्पेलिंग विचारूच नका. त्यात इंडियन जर्नल ऑफ मरीन सायन्सेसचं पुढे जिओ-मरीन सायन्सेस झालं. जुनं-नवं एकत्र धरायचं का? नमुना कुठून घेऊ? आणि दोन्ही हेतूंना मिळून एकच गुण द्यायचा का?

प्रतिसाद १
नमुना डेटाबेसमधून उचलू नकोस. आत आहे त्यातूनच निवडलंस तर बाहेर काय राहिलं ते दिसणारच नाही. दोना पावलाच्या एनआयओचं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) प्रकाशनांचं खुलं भांडार आहे, जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेचे वार्षिक अहवाल आहेत. त्यांतून भारतीय नियतकालिकांतले लेख वेगळे काढ आणि मग डेटाबेसमध्ये शोध. सापडला की लेखाची पीडीएफ उघडून एकेक संदर्भ ताडून पाहा. सुटलेला संदर्भ का सुटला त्याचे रकाने कर: लेखकाचं नाव, साल, नियतकालिकाचं नाव, की नोंदच नाही. तुझा डिसोझा तिथेच पकडला जाईल. नियतकालिकाचं जुनं-नवं नाव एकत्र धर, पण मूळ नोंद आहे तशी ठेव, शेजारी प्रमाणित नाव लिही. काम किचकट आहे, एक्सेलशी दोस्ती कर.

प्रतिसाद २
एक गुण अजिबात नको. शोधण्याच्या हेतूसाठी एकच विषय तुझ्या इंडेक्समध्ये, स्कोपस या परदेशी सायटेशन डेटाबेसमध्ये आणि गूगल स्कॉलरवर टाकून बघ. तुझ्या इंडेक्समध्ये मिळालं आणि त्या दोन्हीकडे नाही, तेवढीच या डेटाबेसची स्वतःची भर. स्कॉलरवर फुकटात सगळं मिळत असेल तर तसं स्पष्ट लिही, गाईडना रुचो न रुचो.

मोजमापासाठी नियतकालिकाला मिळालेली किती सायटेशन्स त्याच नियतकालिकातून आलीत ते आधी पाहा. शिवाय काजूच्या कलमांवरचा लेख बागायतदार वापरतो, तो कुठे संदर्भ देणार? म्हणून कमी सायटेशन म्हणजे कमी उपयोग असं लिहू नकोस. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली. नियतकालिक बरं की वाईट हे आता संस्थांनीच ठरवायचंय. तुझ्या प्रबंधाला वाचक मिळतील!

मूळ धागाकर्ती
देव बरें करूं! रकाने आजच गाईडना दाखवते. अजून एक: खाजनांवरच्या लेखांच्या सूचीत सरकारी अहवाल आणि मराठी पुस्तकं बरीच येतात. ती डेटाबेसमध्ये नसली तर 'सुटलेले' धरू की हिशेबातूनच वगळू?

प्रतिसाद १
वगळू नकोस, पण टक्केवारी दोनदा काढ: एकदा त्यांना धरून, एकदा सोडून.