दुसऱ्यांदा भट्टीत घातलं की काच तडकते, त्यात मधेच लाइन जाते

काचवाली_आर्वी:
खिडकीची ४ मिमी काच, दोन थर, २० सेंमीचं गोल तबक. ८२० अंशांवर १५ मिनिटं ठेवून जोडलं, ठणठणीत निघालं. वाटीचा आकार द्यायला मातीच्या साच्यावर ठेवून ताशी २५० अंशांनी चढवलं, तर सरळ दोन तुकडे. तड्याच्या कडा गोल झाल्यात, बोटाला लागत नाहीत. दुसऱ्या तबकात हिरव्या बाटलीचे तुकडे घातले होते. ते साच्यापर्यंत गेलंच नाही, तिसऱ्या दिवशी टेबलावरच तडकलं. आणि भट्टी निवत असताना लाइन गेली तर काय करायचं?

भट्टीवाला_यवतमाळ:
ताई, कडा गोल म्हणजे काच चढतानाच फुटली, मग पुढच्या तापात कडा वितळल्या. निवताना फुटली असती तर धार वस्तऱ्यासारखी राहिली असती.
पहिल्या वेळी ४ मिमीच्या दोन सुट्या काचा होत्या, आता ८ मिमीची एकच लादी आहे. शिवाय साच्यावर फक्त काठ टेकलेला, मधला भाग अधांतरी. काठ आणि मधला भाग एकसारखे तापत नाहीत, ताण बसतो. ताशी ८० अंशांनी ५५० पर्यंत न्या. त्यापुढे काच नरम पडते, ताशी १५० चालेल. ७०० च्या आसपास भट्टीच्या भोकातून बघत राहा, काच साच्यात बसली की लगेच तापमान उतरवा.
निववताना ५४५ पर्यंत झाकण बंद ठेवून आपोआप उतरू द्या. तिथे दीड तास थांबवा. मग ताशी ५० नं ४२५, ताशी १०० नं ३००, आणि स्विच बंद. आतलं तापमान ५० च्या खाली गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. उन्हाळ्यात कूलरचा झोत भट्टीवर येऊ देऊ नका, त्यानं कडेला तडा जाऊ शकतो.

रंगीतकाच_वर्धा:
हिरव्या तबकाला निववण्याचा दोष नाही. बाटलीची आणि खिडकीची काच सारखी आकुंचन पावत नाही, मग कितीही हळू निववा, ताण आतच राहतो. तडा तुकड्याला वळसा घालून गेलाय का बघा, तसं असेल तर हेच कारण.
पुढच्या वेळी आधी बोटभर पट्टीवर एकच तुकडा जोडा. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून जुन्या स्क्रीनची पोलरायझिंग फिल्म (उजेड एकाच दिशेनं गाळणारा पातळ पापुद्रा) घ्या, दोन तुकडे एकमेकांना आडवे धरून मधे पट्टी ठेवा, मागून उजेड. तुकड्याभोवती पांढरं कडं चमकलं तर आत ताण आहे, ती जोडी विसरा. साध्या तबकाचेही दोन्ही थर एकाच लादीतून कापा.

भट्टीवाला_यवतमाळ:
लाइनचं राहिलं. भट्टी ६०० च्या वर असताना गेली तर घाबरू नका, झाकण मात्र उघडू नका. भट्टी ५४५ च्या खाली उतरली असेल तर लाइन आल्यावर ताशी ८० नं परत ५४५ वर न्या, दीड तास पूर्ण द्या आणि पुन्हा उतरवा. हे कितीदाही करता येतं. खरी गोची कंट्रोलरची, म्हणजे भट्टीचं तापमान टप्प्याटप्प्यानं चालवणाऱ्या यंत्राची. काही कंट्रोलर लाइन आली की पहिल्या टप्प्यापासून सुरू होतात आणि वाटी परत ७०० वर नेतात. तुमचा रिकाम्या भट्टीत तपासा, आणि नुसतं निववण्याचं वेगळं प्रोग्राम भरून ठेवा.

काचवाली_आर्वी:
साचा काल सांडशीनं ठोकला तर भद्द वाजला. ओला असेल का?

भट्टीवाला_यवतमाळ:
ओला किंवा चिरलेला. रिकामाच १२० वर दोन तास ठेवा, मग परत वाजवा. तरी भद्दच वाजला तर चीर शोधा.