सगळ्यात फुसक्या बॉम्बचा सगळ्यात गाजलेला फोटो

निवांत_नाना:
दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्री लढायांबद्दल थोडंफार चाळलं असेल, तर हा फोटो तुमच्या नजरेखालून नक्की गेला असणार. एंटरप्राइज या अमेरिकी विमानवाहू नौकेच्या डेकवर बॉम्ब फुटतोय. धूर, जाळ, उडणाऱ्या ठिकऱ्या. तारीख २४ ऑगस्ट १९४२, पॅसिफिकमधली अमेरिका-जपान पूर्व सॉलोमनची लढाई. खाली ठरलेली ओळ असते: याच स्फोटात छायाचित्रकार रॉबर्ट रीड मारला गेला.

ही ओळ चूक आहे. अमेरिकी नौदलाच्या मूळ फोटोवरच ती लिहिलेली होती, म्हणून पसरली. नौदलाचा इतिहास लिहिणाऱ्या मॉरिसनने पुढे ती दुरुस्त केली. हे दृश्य टिपलं मॅरियन रायलीने. तो मनोऱ्याच्या मागच्या टोकाला, डेकच्या वर, चलचित्राचा कॅमेरा घेऊन उभा होता. त्याच्या कॅमेऱ्याचं नुकसान झालं, तो मात्र वाचला.

पण माझा मुद्दा नावापुरता नाही. त्या संध्याकाळी दोन-तीन मिनिटांत एंटरप्राइजवर तीन बॉम्ब पडले. पहिला विमानं वर-खाली नेणाऱ्या मागच्या लिफ्टजवळून डेक फोडून खाली गेला आणि पोटात फुटला. दुसरा जवळच, उजवीकडच्या मागच्या तोफांच्या सज्जापाशी. तिथला तोफांचा दारूगोळाही पेटला. त्या दिवशी जहाजावर ७० हून अधिक माणसं गेली, ती जवळजवळ सगळी या दोघांमुळे. तिसरा अर्धवट फुटला. डेकला सुमारे १० फुटांचं भोक पडलं.

आणि आपण ८० वर्षं डोळे विस्फारून बघतोय तो हा तिसरा! पहिल्याचा फोटो काय येणार? तो फुटला पोलादाच्या आत. म्हणून म्हणतो, लढाईचे फोटो इतिहास म्हणून वापरूच नयेत. कॅमेरा जिथे पोचला तेवढंच त्यात येतं.

फ्रेममधला:
नाना, माहिती चोख, निष्कर्ष नापास. फोटो पुन्हा काढा आणि वरचा डावा कोपरा बघा. तिथे जळतंय ते काय आहे? तोच तोफांचा सज्जा. रीड मेला ती जागा. तुम्ही सांगितलेला दुसरा बॉम्ब फोटोत आहे हो, आपण सगळे मधला जाळ बघत बसतो त्याला रायली काय करणार?

निवांत_नाना:
कोपऱ्याचं मान्य. पण तो धूर म्हणजे तीसेक माणसं, हे तुम्हाला कशावरून कळलं? वाचून. फोटोवरून नव्हे.

फ्रेममधला:
मग रीड दुसऱ्या बॉम्बने गेला, हे तरी कागदावरून कळलं ना? आणि त्याच कागदांपैकी एकावर, म्हणजे फोटोखालच्या ओळीत, साफ चूक होती. लिहिणारा चुकला, खापर निगेटिव्हवर.

अवनी_क:
मला नानांचं पटतंय, पण कारण वेगळं. बॉम्ब पडल्यावर तासाभरात एंटरप्राइज पुन्हा वेगात होती, विमानं उतरवून घेत होती. मग सुकाणू अडकलं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ जहाज हाताबाहेर, आणि जपानी विमानांची दुसरी तुकडी तिला शोधत फिरत होती. नशीब, त्यांना ती सापडली नाही. माझ्या मते दिवसातला सर्वांत जीवघेणा अर्धा तास हाच. पण न सापडलेल्या जहाजाचा फोटो कसा असणार? तळाशी गुदमरवणाऱ्या धुरात सुकाणूच्या मोटरीपर्यंत जाणाऱ्या माणसाच्या मागे कोण कॅमेरा घेऊन जाईल?

(अवांतर: त्याच दिवशी जपानची र्‍युजो ही विमानवाहू नौका बुडाली. तिचा अमेरिकी बी-१७ बॉम्बफेकी विमानातून घेतलेला फोटो आहे. जायबंदी र्‍युजो, तिच्यापासून दूर निघालेल्या दोन विनाशिका, पाण्यावर पांढऱ्या रेघा. इतक्या उंचीवरून माणूस दिसतच नाही. बुडालेल्या जहाजाचा फोटो शांत आणि तरलेल्या जहाजाचा भयंकर. गंमतच आहे.)

दर्या_किनारी:
फोटो नकोतच म्हणणाऱ्यांनी जरा आपल्या घरात डोकावावं. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. अंधार, आणि लक्ष्य म्हणजे रडारच्या पडद्यावरचा ठिपका. तिथे कोण फोटो काढणार? आपण दरवर्षी त्या दिवशी नौदल दिन साजरा करतो. पण कराची बंदरातल्या केमारीचे तेलाचे टाके नौदलाने पेटवले की हवाई दलाच्या हंटर विमानांनी, यावर जाणकार अजून हमरीतुमरीवर येतात. एक फोटो, वेळेसकट, असता तर?

निवांत_नाना:
असता तर त्याच्याखालीही कोणीतरी चुकीची ओळ लिहिली असती.

फ्रेममधला:
हे बरंय, म्हणजे तुमचं भांडण ओळीशीच आहे.

रीडचं मात्र तुम्ही दोन शब्दांत उरकलंत, ते खटकलं. तोही सज्जात कॅमेरा घेऊनच उभा होता आणि तिथेच गेला. दंतकथेत एकच गडबड झाली, एकाचा मृत्यू दुसऱ्याच्या फोटोला चिकटवला. त्यात रायलीचं श्रेय गेलं आणि रीड खरोखर कुठे मेला तेही पुसलं गेलं. तो कोपरा लोकांना दाखवण्याऐवजी तुम्ही फोटोच बाजूला ठेवायला सांगताय.

अवनी_क:
कोपऱ्याबद्दल +१. आत्ताच मोठा करून पाहिला. इतकी वर्षं मी तो पुढच्याच स्फोटाचा धूर समजत होते.

निवांत_नाना:
"वापरूच नयेत" हे मागे घेतो. शीर्षक मात्र बदलणार नाही, बॉम्ब फुसकाच होता. आणि ज्यांच्या घरी हा फोटो भिंतीवर आहे त्यांनी बघा, चौकटीत बसवताना डावी बाजू कापलीय का. माझ्याकडच्या कॅलेंडरवर कापलेली आहे.