बायबलमधले वचन शेतीच्या रोजच्या व्यवहारात कसे आणावे? सल्ला हवा आहे

धागाकर्ता : नमस्कार. आमची नगर जिल्ह्यात शेती आहे. कांदा आणि भुईमूग ही मुख्य पिके. घरात रोज सकाळी पवित्र शास्त्राचे वाचन आणि प्रार्थना होते, परंतु ग्रंथ मिटला की दिवसभराचे व्यवहार गावच्या रिवाजानेच चालतात. उपदेशात प्रीती आणि क्षमा यांविषयी पुष्कळ ऐकले आहे. रोजच्या कामाला थेट लागू पडेल असा कोणता भाग वाचावा आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी सांगावे.

मळेकरी : बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या १९व्या अध्यायापासून सुरुवात करावी. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची जी आज्ञा येशूने पुढे सांगितली, ती याच अध्यायाच्या १८व्या वचनात आहे. ती सर्वांना पाठ असते, मात्र १३वे वचन कोणी पाठ करत नाही. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात (२४:१५) त्याचे कारणही दिले आहे : तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. याकोबाच्या पत्रात (५:४) तर कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरीच ओरडते. म्हणून काढणी सुरू होण्यापूर्वीच मजुरीची रोकड वेगळी काढून ठेवावी आणि ‘आडत्याकडून पट्टी आली की देतो’ असे सांगणे बंद करावे, कारण भाव पडण्याची जोखीम मालकाची असते, दिवसभर वाकून कांदा काढणाऱ्या बाईची नव्हे.

बांधावरून : तत्त्व मान्य आहे, परंतु आमच्याकडे कित्येक बायका स्वतःच आठवडे बाजाराच्या दिवशी एकरकमी पैसे मागतात, कारण रोजचे पैसे घरी गेले की ते दारूत जातात. अशा वेळी अक्षरशः संध्याकाळी पैसे हातावर ठेवणे म्हणजे त्यांचे नुकसान करणेच ठरेल.

मळेकरी : मग बाजाराच्या दिवशीच द्यावेत. मालकाने स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्याचा पैसा वापरू नये, हा त्या आज्ञेचा रोख आहे. फक्त ही निवड त्या बाईची असावी, आणि तिला ती स्वतंत्रपणे विचारावी; टोळीच्या मुकादमाला विचारून भागवू नये. काम उक्ते दिले असेल, तर गोण्यांची मोजणी तिच्यासमोर व्हावी, कारण खऱ्या मापाची आणि खऱ्या वजनाची आज्ञाही याच अध्यायात (३५-३६) आहे.

धागाकर्ता : आभारी आहे. आणखी एक अडचण आहे. मजूर आजारपणासाठी किंवा लग्नकार्यासाठी उचल मागतात आणि ती फिटेपर्यंत त्यांनी आपल्याच शेतावर कामाला यावे, अशी सर्वांची अपेक्षा असते. उचल देणेच थांबवावे काय?

मळेकरी : थांबवू नये. निर्गम या पुस्तकातील २२:२५-२७ हा भाग गरिबाला कर्ज देण्यास मनाई करत नाही. व्याज घेण्यास मनाई करते, आणि गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यायला सांगते. मजुराकडे गहाण ठेवायला बहुधा त्याचे हातच असतात. त्यामुळे उचल बिनव्याजी द्यावी, दोघांच्या वहीत लिहावी, आणि दुसरीकडे रोज जास्त मिळत असेल तर त्याला जाऊ द्यावे. यात काही रक्कम बुडेल, हे गृहीत धरूनच द्यावी. ऊसतोडीत उचलीने माणूस कसा बांधला जातो, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

बांधावरून : लेवीयच्या १९व्या अध्यायातील ९वे आणि १०वे वचन राहिले. शेताच्या कडेपर्यंत कापू नये आणि सरवा, म्हणजे काढणीनंतर शेतात पडून राहिलेले पीक, गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावा, ही आज्ञा भुईमुगाला जशीच्या तशी लागू पडते.

धागाकर्ता : आमच्याकडे काढणी झाली की त्याच दिवशी शेळ्या सोडतात आणि दुसऱ्या दिवशी नांगर घालतात.

बांधावरून : या हंगामात दोन्ही चार दिवस पुढे ढकलावे आणि वस्तीवर तसे आधी कळवावे, म्हणजे वेचायला येणाऱ्यांना कोणाची परवानगी मागावी लागणार नाही. रूथ या पुस्तकातील शेतमालक बवाजाने तर (२:१६) सरवा वेचणाऱ्या रूथसाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाकायला सांगितले होते. ते आपल्याला झेपेल की नाही, ते पुढच्या हंगामात पाहू.